बॅटरी बदलल्यावर जुन्या एस२००० चा स्मॉग चेक: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

कॅलिफोर्नियात पहिल्यांदा स्मॉग चेकला निघालेल्या मराठी माणसाच्या डोक्यात पीयूसी असते. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी व्हॅन, सायलेन्सरमध्ये खुपसलेली नळी, पाच मिनिटांत कागद हातात. इथे तसं नाही. २००० आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना मार्च २०१५ पासून नळी लावतच नाहीत. इंजिनावरचे भाग आणि धूर नजरेने तपासतात, टाकीचं झाकण बघतात आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये केबल खोचून गाडीच्या कॉम्प्युटरला विचारतात: तू स्वतःची तपासणी पूर्ण केलीस का, आणि त्यात काय सापडलं? कॉम्प्युटरने ‘अजून तपासायचंय’ असं उत्तर दिलं, की गाडी कितीही स्वच्छ असो, नापास.

जुन्या स्पोर्ट्‌स कारवाल्यांचं घोडं नेमकं इथे अडतं. होंडा एस२००० चंच घ्या. ही दोन सीटची, छत उघडणारी गाडी अमेरिकेत २००० ते २००९ या मॉडेल-वर्षांत विकली गेली, म्हणजे एकूण एक एस२००० या केबलच्या परीक्षेला बसते. आज ती बहुतेकांची दुसरी किंवा तिसरी गाडी आहे. आठवडाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, रविवारी सकाळी बाहेर काढलेली. मध्येच बॅटरी उतरते, नवी बसवली जाते, गाडी झकास चालू होते, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. राज्याच्या वाहन नोंदणी खात्याची, म्हणजे डीएमव्हीची, नोटीस आलेलीच असते, म्हणून मालक तसाच स्मॉग स्टेशन गाठतो आणि नापासाचा कागद घेऊन परततो. मग टाकीत ॲडिटिव्ह ओतणं, सेन्सर बदलणं, मेकॅनिककडे चकरा. बहुतेक वेळा यातल्या कशाचीच गरज नसते. बॅटरी काढल्यामुळे कॉम्प्युटरची पाटी कोरी झालेली असते, एवढंच. ती पुन्हा भरायची तर गाडी ठरावीक पद्धतीने चालवावी लागते.

मॉनिटर म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या पेट्रोल कारना ओबीडी-२ ही प्रणाली बंधनकारक आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर प्रदूषणाशी संबंधित प्रत्येक यंत्रणेची अधूनमधून चाचणी घेतो. या चाचण्यांना मॉनिटर म्हणतात. मिसफायर आणि इंधनाचं मिश्रण यांसारखे काही मॉनिटर गाडी चालू असेपर्यंत सतत काम करतात, त्यांची काळजी नसते. डोकेदुखी असते ती विशिष्ट परिस्थिती जुळल्यावरच चालणाऱ्या मॉनिटरांची.

एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचंच बघा. त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचं रीडिंग सारखं वरखाली होत राहतं. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचं रीडिंग जवळपास स्थिर राहतं. मागचंही पुढच्यासारखंच नाचायला लागलं तर कन्व्हर्टर संपला असं कॉम्प्युटर समजतो. ही तुलना इंजिन पूर्ण तापलेलं असताना आणि वेग एकसारखा असतानाच करता येते. सिग्नलला थांबत-थांबत महिनाभर ऑफिसला गेलात तरी ती होईलच असं नाही.

इव्हॅप मॉनिटर टाकीतल्या पेट्रोलची वाफ कुठून गळते का ते बघतो आणि तो सगळ्यात लहरी. टाकी फार भरलेली नको, फार रिकामी नको, हवा फार गरम नको, फार थंड नको. जुन्या एस२००० मध्ये थंड इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ एक्झॉस्टमध्ये हवा फुंकणारा पंपही आहे. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ती सोय. पंपाचं काम थंड स्टार्टपुरतंच, त्यामुळे तापलेली गाडी घेऊन दिवसभर हिंडलात तरी त्याची चाचणी होत नाही. याशिवाय ऑक्सिजन सेन्सर आणि त्यांचे हीटर यांचे वेगळे मॉनिटर असतात. ते बहुधा मुकाट्याने पूर्ण होतात.

नियम असा: २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांचा फक्त इव्हॅप मॉनिटर अपूर्ण असलेला कॅलिफोर्नियात चालतो. बाकी सगळे पूर्ण हवेत. १९९६ ते १९९९ च्या मियाटा किंवा बॉक्स्टरवाल्यांना कुठलाही एक अपूर्ण चालतो, पण त्यांना सायलेन्सरची चाचणीही द्यावी लागते. इतर राज्यांसाठी ईपीएची, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेची, शिफारस जरा सैल आहे: २००१ पासूनच्या गाड्यांना एक अपूर्ण, १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मित्राची गाडी पास झाली म्हणून तशाच अवस्थेतली तुमची इथे होईल असं धरून चालू नका.

पायरी १: बॅटरी आणि तिची टर्मिनल

नवी बॅटरी बसवली असेल तर दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. जरासं जरी हललं तरी एखाद्या खड्ड्यात क्षणभर वीज तुटेल आणि तीन दिवसांची मेहनत पाण्यात जाईल. साधा मल्टिमीटर असेल तर गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. चालू असतानाही आकडा १२ वरच रेंगाळत असेल तर अल्टरनेटर आधी दाखवा, पुढचं सगळं नंतर.

मूळ रेडिओ असेल तर तो कोड मागेल. कोडचं कार्ड हरवलं असलं तरी होंडाच्या संकेतस्थळावर रेडिओचा सीरियल नंबर टाकून मिळतो. स्मॉगशी याचा काही संबंध नाही, पण पुढे बरंच ड्रायव्हिंग आहे, तेव्हा गाणी लागतील.

पायरी २: इंजिनाला आयडल पुन्हा शिकवा

बॅटरी काढल्यावर होंडाचा कॉम्प्युटर आयडलही विसरतो, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन किती वेगाने फिरू द्यायचं ते. एसी, दिवे, रेडिओ, पंखा सगळं बंद करा. किल्ली ऑनवर आणून दोन सेकंद थांबा. गाडी सुरू करून न्यूट्रलमध्ये ३००० आरपीएमवर धरा, रेडिएटरचा पंखा फिरू लागेपर्यंत. मग पाय काढून घ्या आणि पाच मिनिटं नुसतं आयडलवर राहू द्या. मध्येच पंखा लागला तर तो वेळ या पाच मिनिटांत धरायचा नाही. हे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पायरी ३: स्वतःचा स्कॅनर घ्या

स्मॉग स्टेशनवर जाऊन ‘बघू काय होतंय’ करणं म्हणजे दरवेळी चाचणीचे पैसे मोजणं. त्यापेक्षा ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी अडॅप्टर आणि फोनमधलं एखादं ॲप पुरतं. आयफोन असेल तर अडॅप्टर आयफोनला चालणारा आहे का ते विकत घेण्याआधी बघा. साधे ब्लूटूथवाले चालत नाहीत. ॲपमध्ये ‘रेडीनेस’ नावाचं पान असतं. तिथे प्रत्येक मॉनिटरसमोर पूर्ण, अपूर्ण किंवा ‘नॉट सपोर्टेड’ असं दिसतं. शेवटचा शेरा म्हणजे ती यंत्रणा तुमच्या गाडीत नाहीच, त्याने घाबरू नका. काही ॲप दोन याद्या दाखवतात, एक कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) पुसल्यापासूनची आणि एक फक्त चालू फेरीची. आपल्याला पहिली हवी.

त्याच ॲपमध्ये कोड पुसायचं बटण असतं. त्याला हात लावायचा नाही. ते दाबणं आणि बॅटरी काढणं यांचा परिणाम सारखाच. आणि काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. सॉकेटमध्ये कायम लावून ठेवलेला अडॅप्टर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू पितो, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच परत.

स्कॅनर नसेल तर होंडात एक जुगाड कंपनीनेच करून ठेवलं आहे. इंजिन सुरू न करता किल्ली ऑनवर आणा. चेक इंजिनचा दिवा वीसेक सेकंद जळून विझला तर मॉनिटर तयार. पाच वेळा लुकलुकला तर नाहीत. कुठला राहिला ते मात्र दिवा सांगत नाही. जॅग्वारवाल्यांसाठी अशीच सोय कोडमधून असते. त्या काळातल्या अनेक जॅग्वारमध्ये पी१००० म्हणजे तपासण्या बाकी आणि पी११११ म्हणजे सगळ्या झाल्या. पी१००० बघून ‘बिघाड’ समजणारे आणि त्यावर खर्च करणारे कमी नाहीत.

पायरी ४: ठरावीक पद्धतीची फेरी

पुढचा क्रम होंडाच्या त्या काळातल्या मालकपुस्तिकेतला, फक्त तो सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियाच्या रस्त्यांवर कसा बसवायचा ते माझं.

आदल्या संध्याकाळी टाकी साधारण पाऊण करून ठेवा. गच्च नको. नोझल बंद झाल्यावर आणखी थोडं पेट्रोल ढकलायची सवय असेल तर ती सोडाच, ते वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि डबा खराब होतो. झाकण टक-टक आवाज येईपर्यंत फिरवा. मग गाडी किमान सहा तास बंद ठेवा. रात्रभर राहिली तर उत्तम.

बाहेरचं तापमान ४० ते ९५ फॅरनहाइटच्या मध्ये हवं, म्हणजे साधारण ४ ते ३५ सेल्सिअस. सनीव्हेल, फ्रीमाँटमध्ये हा प्रश्न क्वचितच येतो. फ्रेस्नो किंवा सॅक्रामेंटोत राहत असाल तर उन्हाळ्यात दुपारी निघणं फुकट, पहाटे निघा.

सकाळी ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी सुरू करा आणि वीस सेकंद आयडलवर ठेवा. मग न्यूट्रलमध्येच २००० आरपीएमवर आणून तीन मिनिटं धरा. पाय सोडा, पुन्हा वीस सेकंद आयडल. शेजारी खिडकीतून बघतील, बघू देत.

आता हायवे. ताशी ५० ते ६० मैल, टॉप गिअरमध्ये, किमान वीस मिनिटं. क्रूझ कंट्रोल वापरायचा नाही. यासाठी १०१ किंवा ८८० निवडू नका, तिथे ब्रेक लागल्याशिवाय वीस मिनिटं जातच नाहीत. क्युपर्टिनोपासून उत्तरेला सॅन मटेओकडे जाणारा २८० रविवारी सकाळी यासाठी आदर्श. उजव्या लेनमध्ये ५५ वर राहा. मागून येणारे ओव्हरटेक करून जातील.

या वीस मिनिटांत मोकळी जागा बघून एक गोष्ट करायची आहे: सलग ९० सेकंद ॲक्सिलरेटर अजिबात न हलवता चालवायचं. वेग थोडा कमीजास्त झाला तर हरकत नाही, पाय मात्र स्थिर हवा. वाहतुकीमुळे सलग ९० सेकंद मिळत नसतील तर ३० सेकंदांचे तीन तुकडे करा. २८० ला चढउतार आहेत, त्यामुळे मला तुकडेच सोयीचे वाटतात. नेमका हाच भाग लोक गाळतात. वेग राखायच्या नादात पाय सतत हलत राहतो आणि मग कन्व्हर्टरचा मॉनिटर का होत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

हायवे सोडल्यावर दहा मिनिटं गावातल्या रस्त्यावर, एल कॅमिनो रिआलसारख्या. रस्ता रिकामा असेल तिथे काही सेकंद ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही सोडून गाडी तिच्या वेगाने वाहू द्या, गिअरमध्येच. मग घरी येऊन इंजिन बंद आणि गाडीला तीस मिनिटं हात लावायचा नाही.

एस२००० च्या पहिल्या आवृत्तीचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत जातं आणि व्हीटेकचा, म्हणजे जास्त वेगाला व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचा, आवाज सहा हजारांच्या आसपास बदलतो. तोच ऐकायला ही गाडी घेतली, हे मान्य. पण या फेरीत पाय आवरा.

पायरी ५: एखादा मॉनिटर अडून बसला तर

एका फेरीत सगळं होईलच असं नाही. हायवे आणि गाव मिळून आठवडाभर रोजचं ड्रायव्हिंग आणि मध्ये दोन-तीनदा वरची फेरी, एवढ्यात निरोगी गाडीचं काम बहुधा होतं. दरम्यान पेट्रोल भरणं टाळा, टाकी पाव होईपर्यंत चालतं. फक्त इव्हॅप राहिला असेल आणि गाडी कॅलिफोर्नियात असेल तर त्याच्या मागे लागू नका, सरळ चाचणीला जा.

कन्व्हर्टर किंवा ऑक्सिजन सेन्सरचा मॉनिटर हटत नसेल तर स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. गाडी हायवेवर असताना ते ८० सेल्सिअसच्या वर जाऊन स्थिर व्हायला हवं. साठ-सत्तरवर घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन कधी तापतच नाही, म्हणून चाचणी सुरूच होत नाही. वीस वर्षं जुन्या गाडीत ही अगदी सामान्य आणि तुलनेने स्वस्त दुरुस्ती. एक्झॉस्टमध्ये पुढच्या सेन्सरच्या आधी गळती असेल तरीही रीडिंग फसतात.

‘पेंडिंग’ कोड हाही महत्त्वाचा इशारा. कॉम्प्युटरला दोष एकदा दिसला, पुन्हा दिसला तर दिवा लागेल, असा त्याचा अर्थ. इथे गाडी खरोखरच काहीतरी सांगते आहे. तो कोड पुसून पुन्हा फेऱ्या मारत बसणं म्हणजे आठवडा वाया.

आणि गाडी आधीच्या मालकाने सजवलेली असेल तर, जे एस२००० मध्ये सर्रास असतं, बॉनेट उघडून बघा. बाहेरचा इनटेक किंवा हेडर असेल तर त्यावर कार्बचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (मान्यतेचा) नंबर हवा, नाहीतर नजरेच्या तपासणीतच नापास. कन्व्हर्टरच्या जागी सरळ पाइप असेल तर विषयच संपला. जुलै २०२१ पासून कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरही मूळ किंवा कार्बमान्य असावं लागतं, त्यामुळे ‘ट्यून’ केलेल्या गाडीचे सगळे मॉनिटर हिरवे असले तरी ती अडकू शकते.

पायरी ६: चाचणीच्या दिवशी

डीएमव्हीच्या नोटिशीत ‘स्टार’ (राज्याने खास मान्यता दिलेल्या) स्टेशनचा उल्लेख असेल तर साध्या स्टेशनवर जाऊन उपयोग नाही. दर सरकार ठरवत नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा. राज्याचं प्रमाणपत्र शुल्क ८.२५ डॉलर तेवढं सगळीकडे सारखं. निघण्याआधी मॉनिटर पुन्हा एकदा बघा. किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटतो ना, हेही बघा, कारण दिवाच लागत नसेल तरी गाडी नापास होते. घरातून निघून थेट जा, इंजिन गरम असू द्या. पास झालात की निकाल आपोआप डीएमव्हीकडे जातो.

प्रमाणपत्र ९० दिवस चालतं, म्हणून मुदतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबायचं कारण नाही. तरीही नापास झालात आणि मुदत आली तर नोंदणीचे पैसे वेळेत भरून टाका. डीएमव्ही ५० डॉलर घेऊन ६० दिवसांचा तात्पुरता परवाना एकदा देते. मॉनिटर भरायला तेवढे दिवस भरपूर झाले.

गाडी विकत घेणार असाल तर

हेच ज्ञान खरेदीच्या वेळी उलटं वापरा. जुनी एस२००० बघायला जाताना स्कॅनर खिशात ठेवा. सगळे मॉनिटर अपूर्ण दिसले तर ‘परवाच बॅटरी बदलली’ असं विक्रेता सांगेल. खरं असेलही. पण चेक इंजिनचा दिवा लपवायला कोड पुसले तरी चित्र अगदी हेच दिसतं. कॅलिफोर्नियात ९० दिवसांच्या आतलं स्मॉग प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, ते हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका. स्मॉग चेकची व्यवस्था बघणाऱ्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या संकेतस्थळावर नंबर प्लेट टाकून गाडीचा स्मॉगचा इतिहास फुकट बघता येतो. जुन्या निकालांत नापासाची रांग दिसली तर किंमत त्या हिशेबाने बोला.

पुढच्या वेळी हे टाळायचं तर

गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला बॅटरी मेंटेनर लावा. तो भिंतीच्या सॉकेटवर चालतो आणि बॅटरी भरलेली ठेवतो. काही जण त्याऐवजी टर्मिनलवर वीज तोडणारी खिट्टी बसवतात. बॅटरी वाचते, पण दरवेळी खिट्टी फिरवली की सगळे मॉनिटर पुसले जातात, त्यामुळे चाचणीच्या वर्षी ती खिट्टी वापरू नका. बॅटरी बदलायचीच असेल तर ओबीडी सॉकेटमधून तात्पुरती वीज देणारा मेमरी सेव्हर मिळतो. तो लावलेला असताना सुटं केलेलं पॉझिटिव्ह टर्मिनलही जिवंत असतं, म्हणून ते बॉडीला टेकू न देता फडक्यात गुंडाळून ठेवा.